पिशवी, स्त्रीबीज आणि कंपनीचा वास

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या अंबरनाथ-बदलापूरकडे नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे फलक लागले. आनंदाची गोष्ट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्या बरोबर तीन आठवडे आधी, १२ सप्टेंबरच्या रात्री, याच अंबरनाथमध्ये रासायनिक धूर पसरला होता. लोकांचे डोळे चुरचुरत होते, घसे खवखवत होते. हा धूर कशाचा, तो वर जातो की खाली बसतो, दारं लावून घरात थांबायचं की पोरांना घेऊन बाहेर पडायचं, हे मला नंतर भेटलेल्या बायकांपैकी एकीलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. अभिजात मराठीत नाही आणि बाजारातल्या मराठीतही नाही.

मैत्रिणींनो, भाषेचा विषय निघाला की आपण चळवळीतल्या बाया म्हणी, शिव्या, ओव्या, ‘बाई’ म्हणायचं की ‘महिला’ इथवर येतो. विज्ञानाची भाषा हा मामला मात्र आपण मराठी विज्ञान परिषदेवर आणि शाळामास्तरांवर सोपवून मोकळ्या होतो. परिषद १९६६ पासून काम करते आहे, ‘सृष्टिज्ञान’ मासिक तर १९२८ पासूनचं. या लोकांनी निष्ठेनं काम केलं, त्यांचे आभारच मानायला हवेत. पण मातृभाषेतून विज्ञान म्हणजे मुलांना ग्रहण समजावून सांगणं, एवढंच मनात ठेवलं तर आपल्या वस्तीतली बाई त्या चित्रात कुठेच येत नाही. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न आधी तिचा आहे. प्रश्न विचारण्याचा आणि पुरावा मांडण्याचा हक्क कुणाला, असा तो प्रश्न आहे.

वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरच्या कॅम्पांमधून कल्याणकडे जाते. नदी म्हणायचं ते सवयीनं. लोक नालाच म्हणतात. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस तिच्यात टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना वायूचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचं प्रकरण ‘वनशक्ती’ संस्थेनं राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलं. ही कागदोपत्री बाजू वर्तमानपत्रांत आलेली आहे, म्हणून तिच्यावर रेंगाळत नाही.

मला सांगायचंय ते काठावरच्या एका वस्तीतल्या मावशींबद्दल. मावशी चौथी शिकलेल्या, जीन्सचे धागे कापून पोट भरणाऱ्या. त्यांच्या घरी भिंतीवर कालनिर्णय. दुधाचा खाडा लिहावा तसं त्या तारखेच्या चौकटीत ‘वा’ लिहायच्या. ‘वा’ म्हणजे वास. ‘वा’ खाली एक रेघ असली तर कुजक्या अंड्याचा, दोन रेघा असल्या तर नाकात झोंबणारा. वर ‘पा’ असेल तर त्या रात्री पाऊस होता. हळूहळू गल्लीतल्या आणखी तिघीजणी लिहायला लागल्या. चार महिन्यांनी चारही कालनिर्णय जमिनीवर पसरून आम्ही बसलो तेव्हा दिसलं की वास बहुतेक रात्री उशिरा, आणि पावसाच्या रात्री हमखास. मावशींनी स्वतःहून निष्कर्ष काढला: “पावसात सोडत्यात. वाहून जातंय, मग कुणाच्या लक्षात येत न्हाई.” मग शेजारीण म्हणाली, “पण पावसाचा दाब असला की गटारीचा वास पण वाढतोच की.” आणि त्यावर मावशी म्हणाल्या, “गटारीचा वास येगळा, कंपनीचा येगळा. दोन रेघा कुठं हायेत ते बघ.”

निरीक्षण, नोंद, तुलना, अंदाज, त्या अंदाजावर शंका, शंकेचा पडताळा. यात काय कमी आहे? पदवीच्या वर्गात आम्हाला संशोधनपद्धती म्हणून जे इंग्रजीत शिकवलं ते याहून वेगळं नव्हतं. ही सगळी विचारसाखळी घडली ती बोलीत. त्यांना हे इंग्रजीत, किंवा अगदी पुस्तकी मराठीत बोलायला लावलं असतं तर त्या गप्प बसल्या असत्या. गप्प बसलेल्या माणसाला विचार करता येत नाही असं आपण फार पटकन धरून चालतो.

ते कालनिर्णय घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. साहेब सभ्य होते, पाणी विचारलं. मग म्हणाले, “हे ठीक आहे ताई, पण पॅरामीटर कोणता? पीपीएम किती?” बाया माझ्याकडे बघायला लागल्या आणि त्या क्षणी साऱ्या खोलीत बोलू शकणारी मी एकटीच उरले. चार महिन्यांचं काम त्यांचं, आणि तोंड माझं. मोजमाप लागतंच, साहेब चूक बोलत नव्हते. पण ‘दहा लाख भागांत किती भाग’ एवढं मराठीत म्हणायला त्यांना किती वेळ लागला असता? ते म्हटलं असतं तर मावशींनी पुढचा प्रश्न विचारला असता: ते मोजायचं यंत्र आमच्या गल्लीत कधी आणताय?

भाषेवाचून जीव जाऊ शकतो, ही अतिशयोक्ती नाही. कुजक्या अंड्याचा वास हा हायड्रोजन सल्फाइडचा असतो. हा वायू हवेपेक्षा जड आहे. तो नाल्याकाठच्या सखल जागी, जमिनीलगत साचतो. म्हणजे खाटेवर निजलेल्या नवऱ्याआधी खाली निजलेल्या बाईला आणि लेकराला लागतो. आणि त्याची सगळ्यात फसवी गोष्ट अशी की प्रमाण फार वाढलं की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. हे वाक्य मी वस्तीत सांगते तेव्हा बाया एकदम गप्प होतात, कारण तोवर वास गेला की त्या निवांत झोपत. अशा वेळी उंचावर जायचं, वाऱ्याच्या आडव्या दिशेनं निघायचं. तीन ओळींची माहिती आहे. भोपाळला १९८४ साली ओलं फडकं तोंडाला धरा एवढं जरी लोकांना आधी ठाऊक असतं तरी किती जीव वाचले असते, असं तेव्हापासून म्हटलं जातं.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक कारखान्यानं कामगारांना आणि आसपासच्या जनतेलासुद्धा धोक्यांची माहिती द्यायची, असं बंधन आलं. सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावायच्या हे त्याच कायद्यात आधीपासून होतं. आता त्या कायद्याची जागा श्रमसंहितेनं घेतली आहे. कायदे बदलले, पण रिकाम्या पिंपांवरची चिठ्ठी इंग्रजीच आहे. तीच पिंपं भंगारवाल्याकडून आमच्या बाया पाणी साठवायला आणतात. चिठ्ठीवर कवटीचं चित्र असेल तर घेत नाहीत. चित्र फाटलं असेल तर घेतात.

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीच्या आधी अहवालाचा सारांश राज्यभाषेत द्यावा लागतो. सारांशच फक्त. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो आणि गोम त्यात असते. २०२० मध्ये केंद्रानं या अधिसूचनेचा नवा मसुदा हरकतींसाठी काढला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं तो घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतरित करायला सांगितलं. सरकारनं काय केलं? भाषांतर करण्याऐवजी त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. भाषांतराला किती खर्च आला असता याचा हिशेब मी करत नाही. हरकती किती आल्या असत्या, हा खरा हिशेब होता.

पण सगळा दोष इंग्रजीवर टाकून चालणार नाही. सरकारी मराठी वाचली आहेत का? ‘बहिःस्राव’, ‘अवसादन’, ‘विहित मर्यादेपेक्षा अधिक उत्सर्जन’. संस्कृतचा कोट चढवून इंग्रजीच उभी केलेली असते. एकदा पाण्याच्या तपासणीचा अहवाल आला, त्यात बीओडीचा आकडा. शासकीय मराठीत ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’. कोण कुणाकडे मागणी करतंय, असं एकीनं विचारलं आणि हशा झाला. मग आम्ही मिळून त्याचं असं केलं: ‘पाण्यातली घाण कुजवताना जंतू जेवढा प्राणवायू खाऊन टाकतात, तो आकडा.’ मग प्रश्न आला, “म्हंजे माशाला काय उरतंय?” तोवर मला ‘प्राणवायू’ हा शब्द जुनाट वाटायचा, ऑक्सिजन म्हणणं सोपं. पण त्या दिवशी ‘प्राण’ या अक्षरांनी जे काम केलं ते ऑक्सिजननं केलं नसतं.

आता आपल्या शरीराकडे येऊ, कारण इथे स्वभाषा नेहमी मैत्रीणच असते असं नाही. ती वैरीणही होते.

‘पिशवी’ हा शब्द घ्या. पिशवी खाली आली, पिशवीला सूज आहे, पिशवी काढली. पिशवी ही सामान ठेवायची वस्तू. सामान काढलं की घडी घालून ठेवायची, जीर्ण झाली की टाकायची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. शासनानं नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढल्याचं निघालं. त्यामागे मुकादमाचा दंड आहे, पाळीत रजा नाही, फडात संडास नाही, खाजगी दवाखान्यांचा धंदा आहे. पण हे सगळं इतक्या सहज पचतं त्याला ‘पिशवी’ या शब्दाचाही हातभार आहे असं माझं मत आहे. पुस्तकी ‘गर्भाशय’ तरी काय मोठा न्याय करतो? तोही गर्भापुरताच. दोन मुलं झाली, आता त्याचं काम काय, हा विचार दोन्ही शब्दांत सारखाच दडलेला आहे.

याच्या उलट उदाहरण ‘स्त्रीबीज’. समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ च्या एका गाजलेल्या लेखात दाखवलं की पुरुष म्हणजे बीज आणि बाई म्हणजे शेत ही उपमा आपल्या समाजात मुलांवरचा आणि संपत्तीवरचा पुरुषाचा हक्क कसा पक्का करते. शेताला कुठे असतो पिकावर हक्क? मराठी विज्ञानाच्या पुस्तकात मात्र बाईच्या बीजकोशातून जे बाहेर पडतं त्याला ‘स्त्रीबीज’ म्हणतात. ज्या कुणी हा शब्द रूढ केला त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण हजारो वर्षांची उपमा एका जोडशब्दानं उलटी केली. शिबिरात मी फळ्यावर हा शब्द लिहिते आणि विचारते, बीज कुणाचं? थोडा वेळ जातो. मग मागून एखादी म्हणते, “दोघांचं.” मुलगाच का होत नाही यावरून मार खाल्लेल्या बाईला एक्स आणि वायचा हिशेब त्यानंतर पाच मिनिटांत कळतो. तिला तो इंग्रजी शब्दातून कळला नसता, आणि निव्वळ बोलीतूनही कळला नसता, कारण बोलीत बीज पुरुषाचंच आहे. नवा मराठी शब्द लागला.

चळवळीनंही असे शब्द चालवले आहेत. १९८० च्या दशकात ‘गर्भजलपरीक्षा’ हा शब्द मोर्च्यांच्या फलकांवर गेला आणि ज्या तपासणीचं इंग्रजी नाव उच्चारताना जीभ अडखळते ती घराघरात कळली. १९८८ साली महाराष्ट्रानं देशात पहिला कायदा केला, त्यामागे त्या शब्दाचाही वाटा आहे. ‘लिंगभाव’ मात्र अजून वस्तीत रुजलेला नाही. आपण परिसंवादात बोलतो तेवढाच. का, याचा कधीतरी निवांत विचार करू.

बदलापूरबद्दल बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला लोक रेल्वेरुळांवर उतरले. त्यानंतर आमच्या सगळ्या पट्ट्यात शाळाशाळांतून एकच कार्यक्रम: ‘गुड टच, बॅड टच’. मराठी शाळेतही हेच नाव. पोरी गाणं म्हटल्यासारखं म्हणतात. मी एका अंगणवाडीत विचारलं, म्हणजे काय गं? एक म्हणाली, “बॅड टच म्हणजे मारणं.” आपल्याकडे बाईच्या अवयवांना दोनच प्रकारचे शब्द आहेत, एक शिवीतले आणि दुसरे संस्कृतातले. मधला, आईनं मुलीला न्हाऊ घालताना सहज उच्चारावा असा शब्द नाही. ‘शूची जागा’ एवढ्यावर भागवतो. हात, नाक, कान यांची नावं दोन वर्षांची पोर पटपट सांगते आणि तिथे येऊन थांबते. तिला तेवढ्यातच कळतं की हा भाग बोलायचा नाही. बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा सांगतो की मुलाचा जबाब त्याच्या तोंडून आला तसाच नोंदवा. शब्दच दिला नसेल तर तोंडून काय येणार? ‘योनी’ हा शब्द मी आता अंगणवाडीताईंच्या बैठकीत मोठ्यानं म्हणते आणि त्यांना म्हणायला लावते. पहिल्या वेळी हसतात, तिसऱ्या वेळी नाही.

र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ मध्ये काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. गणिताचा प्राध्यापक माणूस. संततिनियमनाबद्दल, गुप्तरोगांबद्दल मराठीत लिहिलं, वाचकांच्या शंकांना सरळ उत्तरं दिली. खटले झाले, १९३४ मधला डॉ. आंबेडकरांनी लढवला. हेच ज्ञान इंग्रजीत लिहिलं असतं तर इतके खटले झाले असते असं मला वाटत नाही. अश्लील ठरलं ते मराठीत आल्यामुळे, म्हणजे बायका वाचू शकतील अशा ठिकाणी आल्यामुळे. आणि आमच्या शेजारच्याच कल्याणची, १८६५ साली जन्मलेली आनंदीबाई जोशी बघा. नवऱ्याचा मार खात शिकली, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाली, प्रबंध लिहिला तो प्राचीन भारतातल्या प्रसूतिशास्त्रावर, इंग्रजीत. पुढच्या फेब्रुवारीत वारली. कल्याणच्या एकाही बाळंतिणीपर्यंत ते ज्ञान मराठीतून पोचायला तिला वेळच मिळाला नाही. तिचे पुतळे आणि मालिका झाल्या, पण मला नेहमी हेच आठवतं.

राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीच्या दोन गावांतला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग, आणि त्यांतल्या फारच थोड्यांची त्यापूर्वी कधी तपासणी झालेली. छापला इंग्रजीत, साऱ्या जगानं वाचला. पण तो उभा राहिला बायकांच्या तोंडच्या ‘अंगावरून पांढरं जातं’ या शब्दांवर विश्वास ठेवल्यामुळे. तपासणारीनं आधी त्यांची भाषा ऐकली. बॉस्टनच्या बायकांनी १९७० मध्ये स्वतःच्या शरीराबद्दल पुस्तिका काढली तेव्हा त्यांची अडचण इंग्रजी ही नव्हती, ती त्यांची आईचीच भाषा; डॉक्टरांची इंग्रजी ही अडचण होती. म्हणजे भाषा बदलली की काम संपलं, असं नाही.

आमच्या भागात तर मातृभाषा कुणाची, इथूनच सुरुवात. उल्हासनगर वसलं ते फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीवर. सिंधी आजी आहे, तिची नात इंग्रजी शाळेत, आणि सिंधी कुठल्या लिपीत लिहायची यावरच पिढ्या गेल्या. शिलाईच्या गाळ्यांत उत्तर प्रदेशच्या बाया आहेत. बदलापूरपलीकडच्या पाड्यांवर कातकरी आणि ठाकूर बायका आहेत, त्यांना आपली शाळेतली मराठी परकीच. तेव्हा ‘मराठीतून विज्ञान’ असं मी छाती काढून म्हणते तेव्हा कातकरी पाड्यावर मी कोण असते? तिथे साहेबाच्या खुर्चीत मीच असते. पाळी, वार, नाळ यांना त्या काय म्हणतात ते आधी विचारावं लागतं.

आणि इंग्रजी? पालकसभेत मी कधीही म्हणत नाही की मुलीला मराठीतच शिकवा. सावित्रीबाईंनी इंग्रजीचं स्वागत केलं होतं, ते उगाच नाही. ज्यांच्या घरात चार पिढ्या इंग्रजी आहे त्यांनी इतरांना मातृभाषेचं माहात्म्य सांगावं हे मला चीड आणणारं आहे. धागे कापणाऱ्या बाईनं मुलीला ‘सेमी’त घातलं तर तिला शहाणीच म्हणायचं. तक्रार वेगळी आहे. सेमीत विज्ञान इंग्रजीतून आणि इतिहास मराठीतून, त्यामुळे मुलीच्या डोक्यात आपोआप वाटणी होते: विचार म्हणजे इंग्रजी, भावना म्हणजे मराठी. आठवीतली पोर फोटोसिंथेसिसची व्याख्या घडाघडा म्हणते, आणि परसातल्या अळूची सावलीतली पानं मोठी का, विचारलं तर म्हणते, “ते सिलॅबसमध्ये नाही.” तिची आई मात्र उत्तर द्यायला लागते. दोघींना एका जागी बसवणं, पोरीनं शब्द आणायचा आणि आईनं निरीक्षण, हे आम्ही सध्या दर पंधरवड्याला करून बघतोय. दोन भाषा असलेली मुलगी ही आईच्या भाषेपासून तोडलेली मुलगी असायला हवी असं कुठे लिहिलंय?

या निमित्तानं दोन कामं हाती घेतली आहेत, त्यात इतर गटांची मदत हवी. एक, अवयव, आजार, पाळी, बाळंतपण यांचे आपापल्या भागातले शब्द गोळा करणं, बोलीसकट, आणि त्यांतला कोणता शब्द बाईला कमी लेखतो आणि कोणता नाही, याच्या खुणेसह. पाड्यांवरचे शब्द आधी. दुसरं, धोकादायक वायूंचं एक पानी पत्रक: वास कसा, वर जातो की खाली बसतो, काय करायचं, काय नाही. रसायनाची बाजू तपासायला जाणकार मैत्रिणी आहेत. मजकूर मराठी, हिंदी आणि सिंधीत व्हायचा आहे. सिंधीसाठी दोन्ही लिप्या येणारी बाई शोधतोय. तुमच्या गटात कुणी असेल तर पुढच्या अंकाच्या आत कळवा, पावसाळ्यापूर्वी ते पत्रक कालनिर्णयशेजारी लागायला हवं.